ओसाड गाव आणि शेजारचा सांगणारा

महाराष्ट्राच्या प्रत्येक भागात अशी काही गावं सापडतात, ज्यांना नाव आहे, शीव आहे, गटनंबर आहेत, शेतंही दरवर्षी पेरली जातात. फक्त तिथं कुणी राहत नाही. महसुली दप्तरात त्यांच्यापुढे ‘बेचिराख’ असा शेरा असतो. २०११ च्या जनगणनेत राज्यातल्या अशा निर्मनुष्य गावांची संख्या अडीच हजारांच्या वर होती. काही दुष्काळात उठली, काही साथीत, काही लुटालुटीच्या धास्तीनं. अलीकडची बरीचशी धरणाखाली गेली. तिथं पोचायचं तर डांबरी रस्ता फार लांब साथ देत नाही. आधी पाणंद, मग शिवरस्ता, मग बांधाबांधानं पायवाट. काळ्या रानात मधेच राखट पांढुरकी माती लागते, तिच्यात खापरांचे तुकडे दिसतात. चिंचेची दोन-चार थोराड झाडं, छप्पर नसलेला मारुती, मातीत अर्धा रुतलेला वीरगळ. एवढ्यावरून कळतं, की गाव इथं होतं.

अशा जागी हल्ली माणसं मुद्दाम जातात. कुणाकडे कॅमेरा असतो, कुणाकडे चित्रवही, कुणाला गोष्ट सुचायची असते. ही चाल अलीकडची, प्रवासाच्या हौशीबरोबर बाहेरून आलेली, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. तिचं एक घराणं बाहेरचं आहे, पण दुसरं आपल्याच मातीतलं आणि पुष्कळ जुनं आहे. आपल्याला विसर पडलाय तो या दुसऱ्याचा.

त्याचं सगळ्यात जुनं लेखी मूळ मला महानुभावांच्या पोथ्यांत दिसतं. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी गोदावरीकाठानं आणि वऱ्हाडात हिंडले. ‘लीळाचरित्रा’च्या ‘एकांक’ भागात ते एकटेच भटकताना भेटतात. पुढेही मुक्काम बहुधा गावाबाहेरच्या देवळात, मठात, नदीकाठी. शिष्यांनाही त्यांनी हीच शिस्त लावली. हिंडत राहावं, वर्दळीपासून दूर असावं, ओळखीच्या मुलखात रेंगाळू नये, देशाच्या टोकाला एखाद्या झाडाखाली जन्म घालवावा. आडवाट धरणं ही त्यांच्या लेखी साधनाच होती.

पण साधनेतून साहित्य झालं ते स्वामी गेल्यावर. त्यांचे शिष्य म्हाइंभट गावोगाव गेले आणि ज्याला ज्याला स्वामींची काही आठवण होती, त्याच्याकडून ती ऐकून घेतली. १२७८ च्या सुमारास रिद्धपुरात ‘लीळाचरित्र’ सिद्ध झालं. त्याची मूळ प्रत खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत हरवली आणि ज्यांना ती तोंडपाठ होती त्यांच्याकडून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, असं परंपरा सांगते. त्याचे पाठ अनेक आहेत ते म्हणूनच. मराठी गद्याचा पहिला थोर ग्रंथ असा दोनदा माणसांच्या स्मरणातून गोळा झाला, आणि पहिल्या वेळी तर अक्षरशः पायांनी.

याच परंपरेत ‘स्थानपोथी’ नावाचा एक ग्रंथ आहे. मला तो मराठीतल्या सर्वांत हृद्य ग्रंथांपैकी एक वाटतो, आणि त्याची म्हणावी तशी चर्चा होत नाही याची खंत वाटते. त्यात गोष्ट जवळजवळ नाहीच. स्वामी कुठल्या गावी कुठं बसले, देऊळ कोणत्या तोंडाचं, आवार कुठून कुठवर, नदी कोणत्या अंगाला, याच नोंदी. ज्यांनी स्वामींना पाहिलं ती पिढी सरत चालली होती, पुढच्यांना निदान जागा तरी सापडावी, यासाठी केलेलं हे काम. वि. भि. कोलते यांनी ही पोथी संपादून छापली. महाराष्ट्रातल्या तीर्थांचा आणि नद्यांचा अभ्यास करणाऱ्या अ‍ॅन फेल्डहाउस यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिचा आधार घेतला. यांतली कितीतरी देवळं आज नाहीत. तरी पोथी हातात घेऊन निघालं तर अमुक चौथऱ्यावर, अमुक दिशेला तोंड करून उभं राहता येतं. ओस जागेची इतक्या मायेनं केलेली मोजदाद मला दुसरीकडे दिसलेली नाही.

दुसरं मूळ दुष्काळात आहे. १६३० ते १६३२ या काळात गुजरात आणि दख्खन होरपळून निघाले. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३० च्या हिवाळ्यात सुरतेहून नंदुरबार, बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला निघाला होता. वाटेवरची प्रेतं आणि रिकामी गावं त्यानं टिपून ठेवली आहेत. पुणे परगणा त्याच सुमारास आदिलशाही फौजेनं बेचिराख केला होता. देहूत तुकोबांचा व्यापार बुडाला, पहिली बायको अन्नावाचून गेली, मूल गेलं. त्यानंतर ते भंडारा, भामचंद्र, घोराडेश्वर या डोंगरांवर जाऊन बसू लागले. तिथं फार जुनी कोरीव लेणी आहेत, त्यांतले रहिवासी कित्येक शतकांपूर्वीच निघून गेलेले. म्हणजे वर ओस पडलेलं लेणं आणि खाली ओस पडत चाललेला मुलूख. तुकोबांची कविता या दोहोंच्या मधे उभी राहिली. त्यांच्या एकांताची चित्रं आपण फार गोड काढतो, पण त्या एकांताला भुकेची पार्श्वभूमी आहे. आणि याच माणसानं देहूतलं विठ्ठलाचं पडकं देऊळ दुरुस्त करायला घेतलं, हेही त्यांच्याच अभंगांतून कळतं. पडझडीकडे नुसतं पाहत राहणं त्यांना जमलं नाही.

आता बाहेरच्या घराण्याकडे वळू. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात जमीनदारांनी आपली उद्यानं ऐसपैस व्हावीत म्हणून अख्खी गावं उठवली. ऑलिव्हर गोल्डस्मिथनं १७७० मध्ये ओस पडलेल्या गावावर दीर्घकविता लिहिली, तेव्हा तिच्यात या अन्यायाबद्दलचा संताप होता. पण त्याच काळात तिकडे दुसरी एक आवडही मूळ धरत होती. पडक्या मठांना, वेलींनी वेढलेल्या कमानींना ‘चित्रासारखं दृश्य’ म्हणून पाहायला जायचं, सोबत चित्रवही न्यायची. गोल्डस्मिथचा संताप मागे पडला, ही आवड मात्र टिकली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानात उतरली.

पुण्याच्या दरबारात तेव्हा चार्ल्स मॅलेट इंग्रजांचा वकील होता. त्याच्यासाठी जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार आणि गंगाराम तांबट हा पुण्याचा मराठी चित्रकार, दोघांनीही १७९० च्या दशकात लेणी रेखाटली. सवाई माधवरावांच्या संमतीनं शनिवारवाड्यात चित्रशाळाही निघाली होती. वेल्स १७९५ मध्ये वारला. वेरूळची त्याची रेखाटनं पुढे टॉमस डॅनियलनं लंडनमध्ये छापून काढली. शास्त्रीय आणि रसिक अशा दोन्ही नजरांनी ही कामं मोलाची आहेत. विशेषतः गंगारामाचं नाव आपल्याकडे घराघरांत असायला हवं होतं. तरी या घराण्याचा एक विशेष लक्षात घ्यायला हवा. या चित्रपरंपरेत अवशेष अवाढव्य असतात आणि जवळच उभा असलेला माणूस मापापुरता. खांब किती उंच हे कळावं म्हणून त्याला तिथं उभं केलेलं असतं. त्याला कुणी काही विचारत नाही.

१८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ हा कंपनीच्या घोडदळातला अधिकारी शिकारीला हिंडता हिंडता अजिंठ्याच्या लेण्यांपुढे आला. दहाव्या लेण्यात त्यानं स्वतःचं नाव आणि तारीख कोरली. आजूबाजूच्या वस्तीला ही लेणी ठाऊक होतीच, पण ‘शोध’ त्याच्या नावे लागला. पुढे १८४४ च्या सुमारास रॉबर्ट गिल चित्रांच्या नकला करायला आला आणि वर्षानुवर्षं तिथंच राहिला. लंडनला गेलेल्या त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुन्हा जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्सनं आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम नव्यानं केलं.

गिलची गोष्ट मात्र एवढ्यावर संपत नाही, कारण तिच्यात पारो आहे. तिथल्याच रहिवासी असलेल्या पारोचं आणि त्याचं नातं जडलं; ती १८५६ मध्ये गेली आणि गिलनं बांधलेली तिची कबर अजिंठा गावात आहे. गिल भुसावळला पुरला गेला. गिलच्या नकला जळाल्या, तरी पारोची आठवण आसपासच्या गावांनी सांभाळली. जवळच्याच पळसखेड्यात वाढलेल्या ना. धों. महानोरांनी त्यातून ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिलं. बाहेरचं घराणं आणि आपलं घराणं इथं एकमेकांना भेटतात, असं मला वाटतं. ओस लेण्याचं चित्र साहेबानं काढलं, आणि त्या चित्राबाहेर राहिलेली बाई आपल्या कवितेत आली.

आपल्या घराण्याचा धागा पुढे नेला तो इतिहासकारांनी. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे दप्तरं शोधत गावोगाव फिरले. माळ्यावरची बाडं, देव्हाऱ्यामागच्या पोथ्या, वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला निघालेले कागद, यांच्यामागे त्यांनी आयुष्य घातलं. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि एकूण खंड बावीस झाले. त्यांना जुने वाडे पाहायचे नव्हते, वाड्यात उरलेल्या म्हाताऱ्या माणसाचा विश्वास मिळवायचा होता. कागद त्याच्या हातातून सुटायचे होते. राजवाड्यांचा स्वभाव तापट होता हे सर्वश्रुत आहे; तरीही हे काम त्यांनी तडीस नेलं, यावरून त्यांची तळमळ कळते.

आणि मग दामोदर धर्मानंद कोसंबी. गणित हा त्यांचा व्यवसाय. पुण्यात घर, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरी, मधे डेक्कन क्वीन. उरलेल्या वेळात ते पुण्याभोवतीच्या टेकड्या आणि माळ पायी धुंडाळत. पायवाटांवर त्यांना अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं सापडत गेली, नखाएवढी गारगोटीची पाती. ही हत्यारं ज्या वाटांवर सापडतात, त्याच वाटांवर तांदळ्याच्या, म्हणजे अनघड दगडाच्या, रूपातल्या देवी बसलेल्या दिसतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. गावाच्या आत नव्हे. गावापासून दूर, दोन जुन्या वाटा जिथं एकमेकींना छेदतात तिथं. गाव वसायच्या आधी गुरं-मेंढरं घेऊन फिरणाऱ्या लोकांच्या या वाटा असाव्यात, व्यापारी तांडे पुढे त्याच वाटांनी गेले आणि कार्ले, भाजे, जुन्नरची लेणीही याच रस्त्यांच्या कडेनं खोदली गेली, असं त्यांनी मांडलं. १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या पुस्तकात हे सगळं आहे. देहू परिसरातले डोंगरही त्यांच्या या पायपिटीत आले.

कोसंबींच्या सगळ्या निष्कर्षांवर आज एकमत नाही. पण त्यांनी घालून दिलेली रीत अजून ताजी आहे. बोल्हाई देवी कुठून आली, म्हातोबा देवाची जोगूबाई कोण, बगाड कुणाच्या मानाचं, हे ते पोथीत शोधत बसले नाहीत. धनगराला, गुरवाला, देवीला नैवेद्य घेऊन आलेल्या बाईला विचारत गेले. वाकड-हिंजवडीचा तो मुलूख आता काचेच्या इमारतींनी भरून गेलाय, तरी म्हातोबाचं बगाड तिथं अजून निघतं. ओळखू येईल अशी वाट बुजली, पण मानपान शाबूत आहे.

कथा-कादंबरीत ही वाट आली ती एकाच वर्षी दोन ठिकाणी. १९५५ मध्ये व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ पुस्तकरूपात आली आणि त्याच वर्षी गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’. एक माणदेशातल्या मेंढपाळांची वाडी, दुसरं कोकणातलं गाव. दोन्ही कादंबऱ्यांत गाव हेच मुख्य पात्र आहे आणि दोन्हींत ते डोळ्यांदेखत रितं होतं. बनगरवाडी दुष्काळ पडल्यावर उठते. मेंढरं चाऱ्याच्या शोधात निघतात, मागोमाग माणसं. पडघवली हळूहळू खचते. कर्ती माणसं शहरात, जमिनी भांडणात, घरं वाळवीत.

या दोघांनीही रिकामं गाव पाहून गोष्ट रचली नाही. माडगूळकर स्वतः कोवळ्या वयात अशा वाडीवर मास्तर होते. गोनीदा लहानपणीच घर सोडून निघालेले. नर्मदा परिक्रमेपासून सह्याद्रीच्या माचीपर्यंत पायांनी मोजलेला मुलूख त्यांच्या लेखनात उतरला. ‘पडघवली’ त्यांनी अंबावहिनीच्या तोंडून सांगितली, हा निर्णय मला फार मोठा वाटतो. गावाचा ऱ्हास लेखक वर्णन करत नाही. त्या घरात सून म्हणून आलेली, तिथंच खपलेली बाई सांगते. कोणत्या खांबाला कोण टेकून बसायचं, हे तिला माहीत आहे. पडक्या घराचं कितीही उत्तम छायाचित्र ही एक गोष्ट देऊ शकत नाही.

अमेरिकेत तर ओस गावं पाहण्याचं मोठं प्रस्थ आहे. कॅलिफोर्नियातलं बोडी हे सोन्याच्या खाणीवर वसलेलं आणि खाण आटल्यावर रिकामं झालेलं गाव १९६२ पासून सरकारी उद्यान आहे. घरं दुरुस्त करायची नाहीत आणि पडूही द्यायची नाहीत, असा तिथला नियम. पाहायला ते विलक्षण असणार. पण त्या देशातलं आडवाटांचं सर्वांत गाजलेलं पुस्तक, विल्यम लीस्ट हीट-मून यांचं ‘ब्ल्यू हायवेज’, १९८२ मध्ये आलं ते वेगळ्याच बळावर. नोकरी गेलेला हा माणूस १९७८ मध्ये जुन्या व्हॅनमधून, नकाशात निळ्या रेघांनी दाखवलेल्या दुय्यम रस्त्यांनी तेरा हजार मैल फिरला. पुस्तक भरलंय ते त्या रस्त्यांवर अजून टिकून असलेल्या माणसांच्या बोलण्यानं. देश कुठलाही असो, चांगलं लेखन मिळालं ते थांबून विचारणाऱ्याला.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर ओस गावांची एक नवीनच जात जन्माला आली. कोयना, जायकवाडी, उजनी. दुष्काळात उठलेलं गाव पावसाबरोबर परत येण्याची आशा तरी धरू शकायचं. धरणाखालच्या गावाला तेवढीही आशा नव्हती. विश्वास पाटलांनी ‘झाडाझडती’त या उठलेल्या माणसांची परवड लिहिली आणि तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. उजनीचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि होडीतून लोक ते पाहायला येतात. शिखर पाण्यातून वर आलेली त्याची चित्रं दरवर्षी सगळीकडे फिरतात. चित्रं सुरेख असतात. मला त्यांत एवढंच खटकतं, की गंगारामाच्या काळातल्या त्या मापापुरत्या माणसाचीही गरज आता उरलेली नाही. होडी वल्हवणाऱ्याच्या आज्याचं घर त्या पाण्यात कुठं होतं, हे विचारायला चित्र काढणारा थांबत नाही.

गोव्यातल्या कुर्डीत मात्र हे वेगळं घडतं. सांगे तालुक्यातलं हे गाव साळावली धरणाच्या जलाशयात गेलं. गावकरी वाडे आणि वालकिणी इथं वसवले गेले. कदंबकालीन महादेवाचं देऊळ दगड न् दगड उतरवून दुसरीकडे उभारलं. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात गाव पाण्याखाली असतं. उन्हाळ्याच्या शेवटी, मे महिन्यात, पाणी ओसरून जोती, विहिरी, रस्ते वर येतात. आणि तेव्हा जुने गावकरी परत येतात. सोमेश्वराचा उत्सव होतो, ख्रिस्ती कुटुंबं आपल्या प्रार्थनास्थळाच्या जागी जमतात. आपलं घर कुठलं, हे म्हातारी माणसं नातवंडांना उघड्या जोत्यावर उभं करून दाखवतात. गायिका मोगूबाई कुर्डीकर १९०४ मध्ये याच गावी जन्मल्या. त्यांच्या आडनावात गाव राहिलं, आणि त्यांच्याकडून त्यांच्या कन्या किशोरी आमोणकरांपर्यंत पोचलेलं गाणं आपण सगळे ऐकतो. सौम्यानंद साही यांनी या परतण्यावर ‘रिमेम्बरिंग कुर्डी’ हा माहितीपट केला, त्यातही बोलतात ती माणसंच.

कुर्डीला आता बाहेरच्यांचीही गर्दी होऊ लागली आहे. होवो. एखाद्या तरुण चित्रकाराला तिथल्या भेगाळलेल्या चिखलात रंग सापडतील, एखादीला कवितेची ओळ. पण तिथं जाणाऱ्यानं वाड्याला किंवा वालकिणीला आधी जावं, मग जलाशयात उतरावं, असं मी आवर्जून सांगेन. उजनीला जाणाऱ्यानं आधी नव्या पळसदेवात थांबावं. किल्लारीला जाणाऱ्यानं, १९९३ च्या भूकंपानंतर वसलेल्या नव्या किल्लारीत, जुन्या गावातल्या गल्ल्यांची नावं विचारावीत. कोणाच्या शेताला काय म्हणत, पाणवठ्यावर कुठल्या आळीच्या बायका कधी येत, वेशीतून वरात कशी वळायची, नांगरट पहिल्यांदा कुठल्या वावरात सुरू व्हायची.

उजनीत पाणी चढलं तेव्हा, १९८० च्या आसपास, जी माणसं विशीत होती ती आता पासष्टीच्या घरात आहेत. कोयनेचं खोरं रिकामं झालं तेव्हाचे तरुण त्यांच्याही पुढे, ऐंशीच्या पार. ही माणसं अजून बोलतात, आणि विचारलं तर चहा टाकून, भिंतीला पाठ लावून, सकाळ सगळी सांगत बसतात. त्यांच्यातल्या कितींकडे अजून कुणी वही घेऊन गेलेलं नाही.